२७ तारखेची सभा आणि वाई

सेक्रेटरी काका (ए-४०१): सर्व सभासदांना नमस्कार. रविवार २७ सप्टेंबरला सकाळी १० वाजता पार्किंगमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. १४ दिवसांची नोटीस वेळेत लावली आहे. आज वॉचमनकडून समजलं, की आपले खजिनदार त्याच दिवशी पहाटे वाईला निघत आहेत. हिशोबाचा विषय कोणी मांडायचा, ते त्यांनी इथेच सांगावं ही नम्र विनंती.

खजिनदार (बी-३०२): काका, १० तारखेलाच मी तुम्हाला जिन्यात सांगितलं होतं. तुम्ही "बघू" म्हणालात.

सेक्रेटरी काका: जिन्यातलं बोलणं इतिवृत्तात येत नाही.

ए-१०२: लिफ्टमधला पंखा बंद आहे. १२ दिवस झाले.

प्राची (सी-२०१): वाई! नीलिमाताई, सगळे चाललाय का?

नीलिमा (बी-३०२): नाही गं. आम्ही दोघंच.

रोहन (सी-१०४): क्या बात है! काका, ताईंना घंटा नक्की दाखवा, मेणवलीची. मी कॉलेजात असताना गेलो होतो, भारी जागा आहे.

सर (बी-१०१): ती घंटा पोर्तुगीज आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सैन्याने आणल्या. त्यातली ही एक. घाट आणि वाडा नाना फडणवीसांचा.

रोहन: सर, भीमाशंकरलाही तशीच आहे ना?

सर: हो. वसईच्याच लुटीतली.

सेक्रेटरी काका: कृपया विषयाला धरून बोला. सभा ३० सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे. अर्ध्या तासात कोरम भरला नाही तर तहकूब होते. मग ७ दिवसांनी घ्यायची म्हटली तरी तारीख उलटते. गेल्या वर्षी काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

सी-३०३: गेल्या वर्षी काय झालं ते आम्हाला नीट माहीत आहे. कोणामुळे झालं तेही.

सेक्रेटरी काका: आपण ते सभेत बोलू.

ए-१०२: पंखा.

थोरल्या काकू (ए-२०३): नीलिमा, राग मानू नकोस, पण पितृपक्ष लागतोय. या दिवसांत हौसेनं फिरायला जाऊ नये. आठ-पंधरा दिवस थांबा, घटस्थापना झाली की जा.

नीलिमा: काकू, आमचं लग्नच अधिक महिन्यात झालंय. सासूबाई तेव्हा आठवडाभर बोलल्या नव्हत्या माझ्याशी. मुहूर्ताचं आमचं जमत नाही.

थोरल्या काकू: अगं बाई. मग जा.

मंजिरी (बी-२०४): माझं माहेर वाईचं, गंगापुरीतलं, म्हणून सांगते. खंबाटकी घाट सकाळी सातच्या आत चढा, नाहीतर रविवारी तिथेच तास जातो. येताना बोगदा आहे, तेव्हा तो त्रास नाही. सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. आणि आधी धोमच्या पाण्याची चौकशी करा. पाऊस लांबलाय. धरणातून पाणी सोडलं असेल तर ढोल्या गणपतीच्या पायऱ्यांवर उतरू नका, लांबून पाहा.

सर: ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम बघावी. माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे. पूर आला की पाणी दोन्ही बाजूंना फाकतं आणि देवळाला धक्का बसत नाही. गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. तेव्हापासून किती पूर आले, भिंत उभी आहे.

मंजिरी: सर, लहानपणी आम्ही त्या भिंतीवरून पाणी किती चढलं ते सांगायचो. अमक्या वर्षी इथपर्यंत, तमक्या वर्षी इथपर्यंत. आजी म्हणायची, कृष्णाबाई गणपतीला भेटून गेली.

प्राची: किती छान बोलायच्या आजी!

सी-३०३: येताना कंदी पेढे आणा म्हणजे झालं.

मंजिरी: ते साताऱ्याचे. वाईहून आणायचीच तर हळद आणा.

सेक्रेटरी काका: हळदीचा विषय अजेंड्यावर नाही. मी पुन्हा विचारतो. हिशोब कोण मांडणार?

खजिनदार: ताळेबंद छापून तयार आहे. ऑडिट झालेलं आहे. शनिवारी रात्री खातेवही, पावत्या, टँकरच्या बिलांची फाइल, सगळं तुमच्या घरी आणून देतो. शंका असतील तर सोमवारी संध्याकाळी मी बसतो, कितीही वाजेपर्यंत.

सेक्रेटरी काका: तत्त्वाचा प्रश्न आहे. पदाधिकारी म्हटल्यावर वर्षातला एक रविवार राखून ठेवणं एवढी अपेक्षा असते.

ए-१०२: लिफ्टमधला पंखा बंद आहे. हे मी चौथ्यांदा लिहीत आहे.

नीलिमा: काका, मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

२७ सप्टेंबर २००१ ला आमचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं. दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून एसटीने वाईला गेलो. दोघांचे मिळून तेवढेच पैसे होते. मेणवलीपर्यंत चालत गेलो. घाटावर धुणं धुणाऱ्या दोन बायका होत्या, बाकी कोणी नाही. आम्ही शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो, आणलेल्या पोळ्या नि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पाणी इतकं संथ होतं की वडाची सावली हलत नव्हती. हे म्हणाले, दरवर्षी येऊ.

त्यानंतर वाईला चार वेळा गेले मी. एकदा नवस फेडायला. एकदा नात्यातल्या मुंजीला. एकदा १३ माणसं टेंपो ट्रॅव्हलरने, तेव्हा त्याच घाटावर बसून मी सगळ्यांसाठी काकड्या चिरल्या आणि नदीकडे बघायचं राहूनच गेलं. एकदा हे आलेच नाहीत, ऑफिस होतं. दोघं म्हणून पुन्हा गेलोच नाही.

तुम्ही रविवारचं म्हणालात. गेली ३ वर्षं हे दर रविवारी जेवणाच्या टेबलावर सोसायटीच्या पावत्या मांडून बसतात. मी त्यांच्या बाजूला ताट ठेवते आणि ते गार होतं. मी कधी बोलले नाही, कारण काम चांगलं आहे आणि कोणीतरी करायला हवं. पण हा रविवार माझा आहे. तो मी देणार नाही.

प्राची: ❤️

मंजिरी: ताई, मेणवलीच्या पुढे धोमलाही जा. देवळाच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. दुपारी तिथे कोणी नसतं.

थोरल्या काकू: डबा मी देते. पहाटे उठून करत बसू नकोस.

सी-३०३: सभेला आमच्या घरून दोघं येऊ. मत एकच, माहीत आहे, पण खुर्च्या तरी भरतील.

रोहन: मी खुर्च्या लावतो. आणि सर, पुढच्या महिन्यात आम्हालाही वाई दाखवा. मराठी विश्वकोशाचं ऑफिस तिथेच आहे ना?

सर: हो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईत राहून ते काम करत होते. एवढा मोठा कोश मुंबई-पुण्यात नाही, कृष्णाकाठच्या गावात घडला. जाऊ आपण.

(अर्ध्या तासाने)

सेक्रेटरी काका: खजिनदारसाहेब, फाइल शनिवारी ९ च्या आत आणा, मला वाचायला वेळ लागतो. हिशोब मी मांडतो. टँकरवर प्रश्न येतील, त्याची उत्तरं एका कागदावर लिहून ठेवा.

खजिनदार: लिहून ठेवतो. आभारी आहे, काका.

ए-१०२: आणि पंखा?

सेक्रेटरी काका: "ऐनवेळचे विषय" मध्ये घेतला आहे.

रविवार, पहाटे ५:४०

सेक्रेटरी काका: बी विंगच्या गेटजवळ खजिनदारांच्या गाडीमागे काळी मोटरसायकल कोणी लावली आहे? मी खाली उभा आहे. त्यांना ६ ला निघायचंय. ताबडतोब काढा.

रोहन: माझीच आहे काका. आलो, आलो.