कन्फ्यूशियसनं विश्वासाआधी अन्न का सोडलं?

परभणीकर:
दीड वर्षापासून घरच्या घरी चिनी शिकतोय. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वही काढून अक्षरं गिरवतो. सध्या 'शिन' या अक्षरापाशी थांबलोय. नऊ रेघा. डावीकडं माणूस, उजवीकडं बोलणं. दोन्ही मिळून विश्वास. उच्चार वरून खाली झटक्यात टाकायचा. आपणही म्हणतोच की, शब्दाला जागणारा माणूस. अक्षर परकं वाटलंच नाही.

पण 'अ‍ॅनालेक्ट्स' या ग्रंथात, म्हणजे जुना चिनी विचारवंत कन्फ्यूशियस याच्या वचनांच्या संग्रहात, ज्या संवादात ते भेटलं, तो काही पचेना. शिष्य झिगाँग विचारतो, राज्य चालवायला काय लागतं? कन्फ्यूशियस सांगतो, पुरेसं अन्न, पुरेसं सैन्य आणि लोकांचा विश्वास. एक सोडायची वेळ आली तर? सैन्य. उरलेल्या दोनातलं? अन्न. मरण सगळ्यांनाच आहे, विश्वास गेला तर राज्य उभं राहत नाही.

माझी आजी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. तिच्यापुढं हे कोणत्या तोंडानं वाचू?

गोदाकाठ:
दादा, तो राज्यकर्त्याला सांगतोय, उपाशी माणसाला नाही. त्याच ग्रंथात पुढं वेई राज्यात शिरताना तो म्हणतो, केवढी माणसं ही! शिष्य विचारतो, यांच्यासाठी काय करावं? आधी संपन्न करा. मग? मग शिकवा. आधी पोटच आहे बघा. त्याच्याच परंपरेतला पुढचा विचारवंत मेन्शियस तर म्हणतो, ज्याच्या पोटापाण्याची शाश्वती नाही त्याचं मनही स्थिर राहत नाही.

नांदेडची वाचक:
मला १९५८ नंतरचा चीन आठवतो. खालच्या अधिकाऱ्यांनी पिकाचे फुगवलेले आकडे वर कळवले, त्या आकड्यांवर सरकारनं धान्य उचललं, गावं उपाशी राहिली. कोट्यवधी माणसं गेली. शब्द खोटा पडला म्हणून अन्न गेलं. पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या वर लागली की खाली, यावर आपल्या गावात किती जीव तुटतो, आठवा.

परभणीकर:
ताई, तुमचं वाचून काल आजीला सगळा संवाद सांगितला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी खाल्ली. घशाखाली उतरत नव्हती, तरी खाल्ली. त्याचं काही वाटत नाही आता. पण मुकादमानं एका आठवड्यात माझे दोन खाडे लावले. मी रोज जात होते रे. ढीग समोर होता."

आणि बाजेवर बसल्या बसल्या हातानं ढिगाची उंची दाखवली.