वसतिगृहात राहणाऱ्याने मतदार यादीत नाव गावात घालावं की शहरात?

रानवाट: घर गावाकडे, कॉलेज शहरात. २० ऑगस्टला १८ पूर्ण होतात. पुढच्या वर्षी गावात ग्रामपंचायतीची निवडणूक. नाव कुठे नि केव्हा नोंदवावं?

शाईचं_बोट: दोन्हीपैकी कुठेही चालतं, पण एकाच ठिकाणी. अर्हता दिनांक, म्हणजे ज्या तारखेला १८ पूर्ण असावी लागतात ती तारीख, आता वर्षात चार असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तुम्ही १ ऑक्टोबरला बसता. १७ पूर्ण असतील तर आगाऊ अर्जही घेतात, थांबू नका. नमुना ६ (नव्या नोंदणीचा अर्ज) भरा. सोबत फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. वसतिगृहाचा पत्ता दिलात तर प्राचार्यांचा दाखला जोडा. घोळ बहुधा पडताळणीत होतो: बीएलओ (घरी येऊन पडताळणी करणारा मतदान केंद्राचा अधिकारी) येतो, खोलीला कुलूप, अर्ज नामंजूर. त्यामुळे अर्ज क्रमांक जपून ठेवा आणि १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करून बीएलओचा नंबर घ्या.

तलाठी_नव्हे: ग्रामपंचायतीत मत द्यायचंय ना? मग गावातच. ग्रामपंचायतीच्या निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयोग स्वतंत्र नोंदणी करत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी उचलतो आणि ती प्रभागवार फोडतो. त्या तारखेनंतर आलेलं नाव विधानसभेला चालेल, ग्रामपंचायतीला नाही. प्रारूप (कच्च्या) यादीवर हरकत घेऊन चुकलेला प्रभाग दुरुस्त होतो, नवं नाव घुसवता येत नाही. दरवेळी पोरं इथेच फसतात, हातात मतदार कार्ड आणि यादीत नाव नाही. कार्ड म्हणजे ओळख, हक्क यादीतून येतो.

बांधावरून: मताच्या पलीकडचंही बघा. गावच्या यादीत नाव म्हणजे ग्रामसभेचं सदस्यत्व. वर्षाला किमान चार सभा; गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) १५ टक्के मतदार किंवा १००, यातला कमी आकडा. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बाराजण ठराव करून मोकळे! उभं राहायचं असेल तर वय २१, त्याच ग्रामपंचायतीच्या यादीत नाव आणि सातवी पास. नाव शहरात नेलंत की हे सगळं सुटलं.

रानवाट: आणि नोकरी शहरात लागली तर?

शाईचं_बोट: तेव्हा नमुना ८, स्थलांतराचा. पुन्हा नमुना ६ भरू नका; त्यात पहिल्यांदाच नोंदणी करत असल्याचं घोषणापत्र असतं आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे.