चर्चा: जुन्या फोक्सवॅगन कॅम्परची पोलादी चाकं कापून रुंद करावीत का?

रानवाटा (ब्रिस्टल)
आमची 1973 ची टाइप 2 कॅम्पर. मूळ चाकं 14 इंची, साडेपाच इंच रुंद. एक फॅब्रिकेटर मागची दोन्ही चाकं कापून, मध्ये पोलादी पट्टी वेल्ड करून साडेसहाची करून देतो म्हणतो. माझं मत, करावं. मोटरवेवर आडवा वारा आला की गाडी लेन सोडते. मागे रुंद टायर आलं तर ती दबून चालेल. शिवाय हबकॅपसकट मूळ चेहरा राहतो. अलॉय लावली की गाडीची रयाच जाते. विरोध असेल तर कारणं द्या.

घाटमाथा
माझा ठाम विरोध. वारा आदळतो तो त्या उंच, सपाट पत्र्यावर. रिम रुंद करून पत्रा लहान होत नाही. आधी स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा, शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि टायरमधली हवा बघा. इंजिन मागे आहे, म्हणून मागच्या टायरात पुढच्यापेक्षा जास्त हवा लागते. अनेकजण चारही सारखी भरतात आणि गाडी डुलते म्हणून चाकाला दोष देतात.

आता हिशेब. वाढीव इंच सगळा बाहेरच्या बाजूला घेतलात तर रिमची कड 25 मिमी बाहेर येते आणि ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर, 39 मिमीवरून 26 वर उतरतो. म्हणजे बेअरिंगवर जास्त ताण. आत घेतलात तर आतल्या बाजूची जागा कमी होते. आणि गाडी कॅम्पर आहे हो! पलंग, पाणी, गॅस, माणसं. 185 आर 14 सी टायरवर 102 लिहिलेलं असतं, म्हणजे एका टायरला 850 किलो. कापून जोडलेल्या रिमचा असा आकडा कोण देणार?

लेथवाला (कोल्हापूर)
सरसकट विरोध पटत नाही. आमच्याकडे जीपच्या रिमा रुंद करून घेतात. कारागिरी कशी आहे त्यावर सगळं आहे. दोन्ही भाग जिगमध्ये (सरळ पकडून ठेवणाऱ्या साच्यात) धरून, आतून-बाहेरून पूर्ण वेल्ड, मग डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं मापक) लावून चाक फिरवायचं. काटा नाचला की काम परत. वेल्डला डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) मारला की केसाएवढी भेगही लाल दिसते. हवा गळते म्हणून आत ट्यूब घाला म्हणणाऱ्याकडे मात्र काम देऊ नका. गळतंय म्हणजे वेल्डच कच्चं.

परदेशी_पाटील (श्टुटगार्ट)
लेथवाले, जीप चिखलात हळू चालते, ही मोटरवेवर. इथे जर्मनीत स्वतंत्र मंजुरीशिवाय असं चाक लावलं तर गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच धोक्यात येते. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये मोठे बदल न केलेल्या, चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची तपासणी, सक्तीची नाही. मग ते वेल्ड दरवर्षी तपासणार कोण?

मूळ चेहरा हवा असेल तर याच 5×112 बोल्टची (112 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), कारखान्यातून आलेली सहा इंची चाकं शोधा. भारक्षमता आणि बोल्टची बैठक जुळते का तेवढं बघा.

रानवाटा
सहा इंची पोलादी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर मागची दोन करून घ्यायचा विचार कायम आहे, पण लेथवाल्यांनी सांगितलेल्या दोन्ही चाचण्या आणि भाराचा लेखी आकडा यांशिवाय काम देणार नाही.

घाटमाथा
विमा कंपनीलाही आधी कळवा. आणि चाक बसवलं की गाडी पूर्ण भरून, मागे माणसं बसवून चाकावरच्या कमानीत हात घालून बघा. रिकाम्या गाडीत दिसणारी फट खरी नसते.