गर्भपाताच्या कागदावर ‘मालकाची सही’ कशाला?

तापीकाठ:
आपल्याकडे गर्भपातासाठी बाई आली की काउंटरवर बऱ्याचदा पहिला प्रश्न येतो, ‘मालक सोबत आलेत का?’ १९७१च्या गर्भपात कायद्यात या प्रश्नाला जागाच नाही. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती पुरते, फॉर्म ‘सी’वर, म्हणजे संमतीपत्रावर. पालकाची सही लागते ती १८च्या आतली मुलगी किंवा मानसिक आजार असलेली बाई असेल तरच. २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की घरच्यांच्या संमतीसारख्या जादा अटी डॉक्टरांनी घालू नयेत.

नवऱ्याच्या सहीची ही अट आठवडे खाते. गर्भाची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पाळी चुकली तेव्हाच चार आठवडे संपलेले. गोळ्यांची मुदत नऊ आठवडे. हातात पाच. त्यात अक्कलकुव्याच्या बाईचा नवरा टोळीसोबत गुजरातेत ऊसतोडीला. तो येईस्तोवर २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या, एवढ्यात भागणारं काम पिशवी साफ करण्यावर जातं. २० आठवड्यांपुढे दोन डॉक्टरांचं मत, तेही ठरावीक गटांतल्या बायांनाच.

गिरणेचा डॉक्टर:
ताई, कलमं पाठ आहेत. २००७च्या समर घोष निकालात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, की वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न सांगता केलेला गर्भपात मानसिक क्रौर्य ठरू शकतो. उद्या तो वीस माणसं घेऊन दारात आला, तर त्यांना फॉर्म ‘सी’ वाचून दाखवू? शिवाय रक्तस्राव वाढला तर रक्तपेढीत कोण धावणार?

तापीकाठ:
समर घोष घटस्फोटाचा खटला होता, डॉक्टर त्यात आरोपी नव्हता. डॉक्टरांवर नुकसानभरपाईचा दावा लावणारा नवराही होता. त्याचं अपील २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं. गर्दीची भीती खरी आहे, पण चिडलेला माणूस सही बघून थांबत नाही. रक्तासाठी सोबत हवी, कबूल. ती बहीण असेल, आशाताई असेल. सोबत आणि परवानगी दवाखान्याच्या कागदावर एकाच रकान्यात कोंबली, तिथेच घोळ झाला.

एरंडोली:
हाई काय पटनं नही भाऊ. पोर दोघांचं, मग नवऱ्याला विचारायचंच नाही? आणि दोन मुली असलेली बाई चौदाव्या आठवड्यात एकटी आली तर शंका येणारच. निदान नवऱ्याला समोर बसवून विचारता तरी येतं.

सातपुडा:
उलटं बोलताय, दादा. मुलगाच हवा म्हणून बाईला पाठवणारा बहुतेक वेळा नवरा नाहीतर सासूच असते. सही तो आनंदाने देईल. लिंगनिदान पकडायचं तर सोनोग्राफीच्या मशीनपाशी, फॉर्म ‘एफ’ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा नोंदफॉर्म) आणि नोंदवही तपासून. नवऱ्याला विचारायचं की नाही, ते बाईने ठरवावं. बरेचदा ती विचारतेच.

परत पाठवलेली बाई पोर ठेवतेच असंही नाही. ती मेडिकलवरून गोळ्या आणते. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही. रक्त जातं, तिला वाटतं सुटलो, आणि पुढे नळी फुटते. हे तपासणीतच कळतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं की नाही, तेही मेडिकलवाला बघत नाही. तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजले तर लगेच दवाखाना गाठायचा, हे तिला कोण सांगणार?

गिरणेचा डॉक्टर:
नळीतल्या गर्भाचा मुद्दा मान्य. रकाना बदलता येईल: ‘सोबतची प्रौढ व्यक्ती, असल्यास’. पण भूल द्यायची असेल तर एकटीला मी घेणार नाही. आणि संपर्काचा नंबर लागेलच.

सातपुडा:
नंबर तिलाच विचारून लिहा. नाव फोडलं तर गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ खाली डॉक्टरला वर्षापर्यंत कैद आहे. पंधराव्या दिवसाच्या तपासणीची तारीख तिच्या हातात द्या, घरी फोन लावू नका. तो फोन सासू उचलते.