१९४० च्या काळातला बायकांचा सूट पॅटर्नवरून शिवायचा आहे, सल्ला हवा

चिमटीतली_सुई
मी मँचेस्टरजवळ राहते. इथल्या ईस्ट लँकशायर रेल्वेवर मे अखेरीस १९४० च्या दशकाचा वीकएंड भरतो. वाफेच्या गाड्या आणि त्या काळचे कपडे घालून आलेले लोक. मैत्रिणींबरोबर जायचं ठरतंय. मला युद्धकाळातला साधा सूट हवाय: भरलेले खांदे, कंबरेत बसणारं जॅकेट, गुडघ्याच्या जेमतेम खाली जाणारा स्कर्ट. कटोरी ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लेकीचे फ्रॉक घरीच शिवते, पण कॉलर आणि लेपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेला भाग) यांच्या वाटेला कधी गेले नाही. पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी नमुना, अस्सल जुना घेऊ की नव्याने छापलेला? कापड कुठलं? आत ब्लाउजच्या गळ्याला लावतो ते बकरम चालेल का? हातशिलाईचा कंटाळा नाही, पैशांचा विचार मात्र आहे.

जुनी_शिंगर
नव्याने छापलेला घे. अस्सल जुना पॅटर्न एकाच मापाचा असतो. त्यातले बरेचसे तर कोऱ्या टिश्यू कागदाचे, रेघ नाही की अक्षर नाही, नुसती छिद्रं आणि खाचा. हौस म्हणून ठीक, पहिल्या जॅकेटला नको.

सिम्प्लिसिटी, बटरिक, व्होग या पॅटर्नच्या कंपन्यांनी आपलेच जुने पॅटर्न आजच्या मापांत पुन्हा काढलेत. नंबरावर जाऊ नकोस. तेव्हाचा अमेरिकन १४ नंबर म्हणजे छाती ३२, १६ म्हणजे ३४. आजच्या सिम्प्लिसिटीत १४ म्हणजे ३६! आणि या नव्या आवृत्त्यांत सैलपणा फार धरलेला असतो. पाकिटावरच्या तक्त्यानुसार शिवलंस तर जॅकेट पोत्यासारखं लोंबेल. कागदावर तयार कपड्याचं माप छापलेलं असतं, ते बघ. आत ब्लाउज धरून छातीत तीन-चार इंच सैल पुरे.

आधी मांजरपाटावर बेतून, कच्चे टाके घालून अंगावर चढव. खांद्याचे पॅड लावूनच बघ, नाहीतर मुंढा चुकीचा वाटेल आणि तू तो उगाच कापत बसशील. कटोरी ब्लाउज बसवणारीला टक्स कसले अवघड!

लोकरवेडी
कापडावर पैसे वाचवू नकोस, बाकी कुठेही वाचव. लोकर हवी, पॉलिस्टर नको. दिसण्यापेक्षा शिवणीचा प्रश्न आहे. जॅकेटच्या बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठा असतो आणि ते जास्तीचं कापड चुण्या न पडता आत जिरवायचं असतं. लोकर वाफेने आकसते, हवा तसा आकार घेते. पॉलिस्टर ढिम्म हलत नाही, मग बाही फुग्याची होते.

५४ इंच पन्हा असेल तर तीन ते साडेतीन वार पुरावं. तू राहतेस तिथून हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड लांब नाही. तिकडे गिरण्यांचे उरलेले तुकडे मिळतात, तेच बघ. नेव्ही, तपकिरी किंवा बारीक हेरिंगबोन (तिरक्या नागमोडी रेघांची वीण). मोठ्या चौकटी घेऊ नकोस, जुळवता जुळवता जीव जाईल. बेतण्याआधी सगळं कापड वाफेने आटवून घे.

उलटटीप
पुण्यात एका कोटवाल्या मास्तरांकडे शिकलेय म्हणून बकरमाबद्दल लिहिते. ब्लाउजचं बकरम अजिबात नको, कडक पुठ्ठा होईल. कोटाचं कॅनव्हास घे, ज्यात घोड्याच्या किंवा बकरीच्या केसांचा धागा असतो. लेपल जिथे दुमडते त्या रेषेवर सुती टेप लाव, ती कापडापेक्षा किंचित आखूड ओढून धर. मग लेपल छातीला चिकटून राहते. लेपलभर हाताने तिरके टाके घाल, डाव्या हाताच्या बोटावर ती गुंडाळून धरत. टाका वरच्या कापडाचा एखादाच धागा उचलेल इतकाच. मास्तर म्हणायचे, अर्धा कोट सुईने होतो आणि अर्धा इस्त्रीने. ओलं सुती फडकं, वाफ, आणि लगेच वरून लाकडाचा ठोकळा दाबून ठेवायचा. ठोकळा म्हणून पोळपाट उलटा घातलास तरी चालेल. :)

राणीच्या_देशात
थोडा इतिहास, कारण त्यावरून पॅटर्न निवडता येतो. इंग्लंडात १ जून १९४१ ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, ते मार्च १९४९ पर्यंत चाललं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. बायकांच्या आखूड जॅकेटला ११, स्कर्टला ७, म्हणजे एका सुटात १८ गेली. ३६ इंच पन्ह्याच्या लोकरी कापडाला वारामागे ३ कूपनं पडायची, म्हणून घरी शिवणं परवडे. १९४२ मध्ये प्लीट, खिसे, बटणं यांवरही बंधनं आली. तेव्हा भरपूर घेराचा, चुणीदार स्कर्ट असलेला पॅटर्न दिसला तर सोड. तो घेर पॅरिसच्या फॅशन डिझायनर डिओरने फेब्रुवारी १९४७ मध्ये आणला.

आणखी एक: त्या काळी सैन्यात गेलेल्या नवऱ्याचा सूट उसवून बायका स्वतःचा शिवत. चॅरिटी शॉपमधून (दान आलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान) मोठ्या मापाचा लोकरी सूट आण, कापडाचा खर्च वाचला.

जुनी_शिंगर
कल्पना छान, पण पहिल्या जॅकेटला नाही हो. खिशांची भोकं नको तिथे येतात, पुरुषांचे टक्स आधीच घेतलेले असतात. विजारीचा स्कर्ट कर म्हणा हवं तर.

चिमटीतली_सुई
सगळ्यांचे आभार. नवा पॅटर्न आणि नेव्ही लोकर नक्की. आधी जॅकेट की स्कर्ट? आणि स्कर्टला झिप लावली तर कुणी हसेल का?

लोकरवेडी
आधी स्कर्ट, कापडाशी ओळख होते. हसणार कुणी नाही, पण युद्धात धातूची झिप मिळणं मुश्किल होतं. डाव्या कुशीला पट्टी, टिचबटणं आणि वर हूक लावलास तर शोभेल.

उलटटीप
जॅकेटची काजं मशिनवर करू नकोस, कापडाच्या पट्टीची कर. ती पुढच्या भागावर आधी करायची असतात, आतली पट्टी जोडण्यापूर्वी. बटणं तुझ्याच कापडाने मढवून घे. एक काज तुकड्यावर करून इथे फोटो टाक, मग बोलू.