मदत हवी आहे: ऑप्शन फॉर्मच्या एजंटला नाही म्हणालो, आता दुकानात भांडण

सोलापुरात साखर पेठेत माझं नेट कॅफे आहे. एरवी झेरॉक्स, दाखले. सीझनला इंजिनिअरिंगच्या कॅपचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशाचे फॉर्म. त्यातलाच ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीच्या क्रमाने यादी. येणारे बहुतेक लूमवरचे कामगार, विडी वळणाऱ्या बाया. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातच चिठ्ठीवर पोरीचा पासवर्ड. "तुमीच भरा की मालक, आमाला काय कळतंय."

मागच्या आठवड्यात बाहेरगावच्या एका कॉलेजचा एजंट आला. त्यांचं कॉलेज पहिल्या नंबरला टाकायचं, पोरामागे पाच हजार. पहिल्याच नंबरला का, तर पहिली पसंती लागली की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, पुढच्या राऊंडचा विषयच संपला. वर "आमच्याकडे मुलींना फी माफ" असं सांगा म्हणे! अहो, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींनी कॅपमधून प्रवेश घेतला तर २०२४-२५ पासून ती माफी सरकारच देतंय. ह्यांचं काय त्यात?

नाही म्हणालो. फार तत्त्वाचा माणूस आहे असं नाही. समोर एक बाई बसली होती, बोटं तंबाखूने पिवळी पडलेली, पोरीची मार्कलिस्ट पदराने पुसत होती. जीभ रेटली नाही. एकटा असतो तर काय बोललो असतो, देव जाणे.

दुकानात मेहुण्याची निम्मी भागी आहे. त्याचा हिशोब तयार: चाळीस फॉर्म, दोन लाख. "आपण कुणाचं चोरतोय का?" बायको दोघांच्या मधे. ते माझं मी बघतो.

मला विचारायचंय ते वेगळंच. उद्या मी दुकानात नसताना मेहुण्याने यादी फिरवली तर? पालकांना कॉलेजांची नावं मराठीत लिहून द्यावीत, खाली त्यांची सही घ्यावी, असं डोक्यात आहे. कुणी करतं का असं? गर्दीत जमतं?

प्रतिसाद १
बार्शीत माझंही कॅफे आहे. सही नको, सही म्हटलं की लोक बिचकतात. यादीची प्रिंट घरी न्यायला सांगा, रात्री शिकलेलं कुणीतरी बघतंच. दुसऱ्या दिवशी पोरानेच स्वतः कन्फर्म करायचं. पासवर्डची चिठ्ठी ठेवूनच घेऊ नका. आणि पोरांना सांगा, आवडीचं कॉलेज बिनधास्त वर टाका. ते नाही लागलं तर खालचं बघितलं जातं, नुकसान काही नाही. एजंट लोक ह्याच भीतीवर जगतात.

धागाकर्ता
प्रिंटचं पटलं. पण एकेकाची तीन-चार पानं होतील. पैसे घेता का त्याचे?