मदत हवी आहे: मेट्रोच्या स्वयंचलित फाटकातून काठीवाल्या वडिलांना कसं न्यायचं?

नमस्कार मंडळी. दर महिन्याला अप्पांना (वय ७४) तपासणीसाठी चिपळूणहून मुंबईला नेते. रेल्वे, लोकल निभावते. अडतं ते शेवटच्या टप्प्यात, मेट्रोच्या फाटकाशी.

क्यूआर तिकीट टेकवलं की झडपा उघडतात, पण काठी पुढे टाकून अप्पा सरकेपर्यंत परत मिटतात. तेच तिकीट पुन्हा दाखवलं तर लाल दिवा, कारण तिकीट वापरलं गेलेलं असतं. मग कर्मचारी येईपर्यंत मागे रांग, लोकांचे उसासे. गेल्या वेळी अप्पांचा हात थरथरत होता, बघवेना.

करून पाहिलेलं: दोघांची तिकिटं माझ्याच मोबाइलवर काढली, तर बाहेर पडताना अदलाबदल झाली (आत जाताना दाखवलेलाच क्यूआर बाहेर लागतो). कागदी तिकीट त्यांच्या खिशात चुरगळलं. मग एनसीएमसी कार्ड (मेट्रो, बसला चालणारं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) घेतलं, घरून पैसे भरले, तरी फाटकावर जुनीच शिल्लक. भरलेली रक्कम स्टेशनवरच्या यंत्रावर कार्डात चढवून घ्यावी लागते, हे नंतर कळलं.

अप्पांकडे साधा फोन आहे. व्हीलचेअरला ते तयार नाहीत, आणि दर खेपेला टॅक्सी परवडत नाही.

व्हीलचेअरसाठी असलेल्या रुंद फाटकातून काठीवाल्या माणसाला साध्या तिकिटावर सोडतात का, आणि ते जास्त वेळ उघडं राहतं का? शिवाय भरलेले पैसे चिपळुणात घरबसल्या, एनएफसी (कार्ड टेकवून वाचायची सोय) असलेल्या मोबाइलवरून कार्डात चढवणं कुणाला जमलंय का? जमलं असेल तर नेमकं कसं?